‘ऐच्छिक’ शस्त्रक्रिया आणि महामारी : वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेच्या निमित्ताने एका संज्ञेचा विचार

१

पदव्युत्तर वर्गात पारिभाषिक संज्ञांच्या अनुवादाचा अभ्यास चालू असता एका विद्यार्थिनीने जो प्रश्न विचारला, त्यातून प्रस्तुत लेखाचा उगम झाला. करोनाच्या साथीच्या काळातील एका इंग्रजी परिपत्रकाचा उतारा मराठीत आणावयाचा होता. त्यातील ‘इलेक्टिव्ह सर्जरी’ ह्या शब्दप्रयोगास वर्गातील बहुतेकांनी ‘ऐच्छिक शस्त्रक्रिया’ असा प्रतिशब्द दिला. ‘ऐच्छिक विषय’ हा प्रयोग विद्यापीठाच्या वातावरणात सर्वांच्या तोंडी असल्यामुळे हा प्रतिशब्द सहज सुचावा ह्यात नवल नाही. तेव्हा त्या विद्यार्थिनीने विचारले, “ऐच्छिक विषय आवडला नाही, तर सोडून देता येतो. ऐच्छिक शस्त्रक्रिया सोडून दिली, तर काय होते ?”

प्रश्न वरवर पाहता प्रतिशब्दाचा होता. परंतु त्याचे उत्तर कोशात सापडण्याजोगे नव्हते. २०२० साली जगभर असंख्य शस्त्रक्रिया ‘ऐच्छिक’ ह्या सदराखाली पुढे ढकलण्यात आल्या. त्यांतच अतिस्थूल व्यक्तींचे वजन घटविण्यासाठी जठरावर व आतड्यांवर केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियांचाही समावेश होता. साथ चालू असता अशी शस्त्रक्रिया करणे सुरक्षित आहे काय, ह्या प्रश्नावर त्या वेळी वैद्यकीय क्षेत्रात मोठी चर्चा झाली आणि पुढील दोन वर्षांत तिला आकडेवारीचा आधारही मिळाला.

प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अध्यापक आहे, वैद्यकाचा नव्हे. कोणा रुग्णास सल्ला देण्याचा येथे हेतू नाही. तो अधिकार चिकित्सकाचा. येथे इतकेच दाखवावयाचे आहे की, ‘ऐच्छिक’ ह्या एका विशेषणात आवश्यकता, काल आणि संमती ह्या तीन परस्परभिन्न गोष्टी एकत्र कोंबल्या गेल्या आहेत. आणि त्या वेगळ्या केल्याखेरीज सुरक्षिततेचा प्रश्न नीट विचारताच येत नाही, मग त्याचे उत्तर देणे तर दूरच राहिले.

२

प्रथम शब्दाचा विचार करू. इंग्रजी ‘इलेक्टिव्ह’ हे विशेषण ‘निवडून घेणे’ ह्या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आलेले आहे. निवडणुकीला इंग्रजीत जो शब्द आहे, तोही त्याच कुळातला. शिक्षणक्षेत्रात ह्या विशेषणाचा अर्थ ‘विद्यार्थ्याने आपल्या पसंतीने घ्यावयाचा’ असा झाला. शल्यचिकित्सेत मात्र त्याला निराळा अर्थ आला. जी शस्त्रक्रिया आत्ताच्या आत्ता करावी लागत नाही, जिचा दिवस आधी ठरवून घेता येतो, ती ‘इलेक्टिव्ह’. येथे निवड होते ती दिवसाची. शस्त्रक्रिया करावी की करू नये ह्याची नव्हे.

हा अर्थ ब्रिटनमधील प्रचलित वर्गीकरणात स्पष्ट दिसतो. तेथे २००४ सालापासून शस्त्रक्रियांचे चार वर्ग मानले जातात : काही मिनिटांत करावयाच्या, काही तासांत करावयाच्या, काही दिवसांत करावयाच्या आणि चौथ्या ‘इलेक्टिव्ह’, म्हणजे रुग्ण, रुग्णालय व कर्मचारी ह्यांच्या सोयीने दिवस ठरवून करावयाच्या. चारही वर्गांचा निकष एकच आहे, तो म्हणजे काल. मोतीबिंदू काढणे, खुब्याचा सांधा बदलणे, हर्निया दुरुस्त करणे ही सारी कामे चौथ्या वर्गात येऊ शकतात. ज्याला दिसत नाही किंवा ज्याला चालता येत नाही, त्याच्या दृष्टीने ह्यांपैकी एकही केवळ हौसेची बाब नाही.

इतर भाषांनी ह्या ठिकाणी कोणता मार्ग पत्करला, हे पाहणे उद्‌बोधक आहे. फ्रेंचमध्ये अशा शस्त्रक्रियेस ‘कार्यक्रमात घातलेली’ अशा अर्थाचे विशेषण रूढ आहे. जर्मनीत मार्च २०२० मध्ये रुग्णालयांना ज्या शस्त्रक्रिया पुढे ढकलण्यास सांगण्यात आले, त्यांना ‘प्लानबार’, म्हणजे ज्यांची योजना आधी करता येते अशा, असे म्हटले होते. दोन्ही विशेषणे कालाविषयी बोलतात, इच्छेविषयी मौन पाळतात. मराठी ‘ऐच्छिक’ नेमके उलटे करते. ‘इच्छा’ ह्या नामापासून साधलेले हे विशेषण कालाविषयी काहीच सांगत नाही; आणि जी गोष्ट सांगण्याचे कारण नव्हते, ती मात्र ठासून सांगते.

आपल्याकडील मीमांसकांनी कर्मांचे केलेले विभाजन येथे उपयोगी पडते. नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे ते विभाग होत. काम्य कर्म एखाद्या फलाच्या इच्छेने करावयाचे. ते न केले तर फल मिळत नाही, परंतु दोषही लागत नाही. नित्य कर्म न केले, तर मात्र प्रत्यवाय घडतो, म्हणजे न करण्यामुळेच हानी होते. ‘ऐच्छिक शस्त्रक्रिया’ असे म्हणताच ऐकणारा ती नकळत काम्य कर्मांच्या रांगेत बसवितो. केली तर लाभ, न केली तर पूर्वस्थिती कायम, असा त्याचा समज होतो. आपला प्रश्न नेमका हाच आहे : वजन घटविण्याची शस्त्रक्रिया न करण्यात, किंवा लांबणीवर टाकण्यात, प्रत्यवाय आहे की नाही ?

३

ह्या शस्त्रक्रियेचे स्वरूप थोडक्यात सांगणे अवश्य आहे. तिच्या शाखेस ‘बॅरिअ‍ॅट्रिक’ असे नाव आहे. भार ह्या अर्थाचा आणि चिकित्सा ह्या अर्थाचा असे दोन ग्रीक शब्द जोडून ते बनविले आहे. अमेरिकेत आयोवा विद्यापीठातील शल्यचिकित्सक एडवर्ड मेसन ह्यांनी १९६६ साली जठराचा बराचसा भाग अन्नमार्गातून वगळण्याची पद्धत सुरू केली. आजच्या ‘गॅस्ट्रिक बायपास’चे मूळ तेथे आहे. आज अधिक प्रचारात असलेल्या ‘स्लीव्ह’ पद्धतीत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून थोडा अधिक भाग काढून टाकून उरलेल्यास नळीसारखा आकार देतात. पोटावर लहान छिद्रे पाडून दुर्बिणीच्या साहाय्याने ही कामे केली जातात. त्यांचा परिणाम केवळ जठर लहान होण्यापुरता नसतो. भूक व रक्तातील साखर ह्यांचे नियमन करणाऱ्या अंतःस्रावांतही बदल होतो आणि पुष्कळ रुग्णांचा मधुमेह वजन फारसे उतरण्यापूर्वीच आटोक्यात येऊ लागतो.

ही शस्त्रक्रिया कोणासाठी आहे, ह्याचे निकषही बदलत आले आहेत. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो अंक येतो, त्यास शरीरभार निर्देशांक म्हणू. अमेरिकेत १९९१ साली ठरलेल्या निकषाप्रमाणे हा अंक ४० किंवा अधिक असावा लागे. मधुमेहासारखी गंभीर व्याधी जडलेली असल्यास ३५ चालत असे. २०२२ साली दोन प्रमुख शल्यचिकित्सक संघटनांनी मिळून ही मर्यादा खाली आणली आणि आशियाई लोकांकरिता २७.५ हा अंक सुचविला, कारण आपल्या लोकांत तुलनेने कमी वजनावरच मधुमेह व हृद्रोग उद्‌भवतात. १६५ सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीच्या बाबतीत ४० म्हणजे सुमारे १०९ किलोग्रॅम वजन, तर २७.५ म्हणजे सुमारे ७५. महाराष्ट्रातील वाचकास हा फरक दूरचा वाटू नये.

शस्त्रक्रियेच्या धोक्याविषयीही एक आकडा मनात असावा. अमेरिकेतील दहा रुग्णालयांत झालेल्या व २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत ४,७७६ रुग्णांपैकी शेकडा ०.३ रुग्ण शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांच्या आत दगावले होते. साथ येण्यापूर्वीची स्थिती साधारण अशी होती.

४

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी करोनाच्या प्रसारास महामारी असे संबोधिले. त्यानंतर आठवड्याभरातच अनेक देशांतून आदेश निघाले. अमेरिकन शल्यचिकित्सकांच्या महाविद्यालयाने १३ मार्च रोजी नियोजित शस्त्रक्रियांचा फेरविचार करण्यास सुचविले. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने १७ मार्चच्या पत्राने तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया किमान तीन महिने थांबविण्याची सूचना दिली. भारतातही त्याच महिन्यात केंद्र शासनाने रुग्णालयांना तसाच सल्ला दिला आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. साथीच्या तीव्रतेच्या बारा आठवड्यांत जगात सुमारे २ कोटी ८४ लक्ष शस्त्रक्रिया रद्द झाल्या किंवा पुढे गेल्या असाव्यात, असा अंदाज ‘कोव्हिडसर्ज’ ह्या आंतरराष्ट्रीय संशोधक-गटाने वर्तविला.

हे निर्णय अविचाराचे होते असे म्हणता येणार नाही. त्यांमागे दोन प्रकारची कारणे होती. पहिला प्रकार साधनांचा. अतिदक्षता विभागातील खाटा, कृत्रिम श्वसनयंत्रे, संरक्षक पोशाख आणि माणसे ही सारी अपुरी पडत होती. दुसरा प्रकार रुग्णाच्या शरीराचा. भूल देताना श्वासनलिकेत नळी घालावी लागते. शस्त्रक्रियेनंतर वेदनेमुळे श्वास उथळ चालतो आणि फुप्फुसांचा तळाचा भाग नीट फुगत नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणा काही काळ मंदावते. रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. करोनाचा विषाणू नेमका फुप्फुसांवर आणि रक्ताच्या गोठण्यावर आघात करणारा. त्यात अतिस्थूल व्यक्तीच्या पोटाचा भार श्वासपटलावर पडत असल्याने तिच्या फुप्फुसांत राखीव हवा आधीच कमी असते. शिवाय ताप, धाप, नाडीची जलद गती ही लक्षणे करोनाचीही असतात आणि जठरावरील टाका सुटून गळती झाल्याचीही. दोहोंतील भेद ओळखण्यात काही तास वाया गेले, तरी ते प्राणावर बेतू शकते.

प्रत्यक्ष अनुभवही भयावह होता. चीनमधील वूहान येथे, साथीची पुरती जाणीव होण्यापूर्वी, ज्यांच्या शरीरात संसर्ग सुप्तपणे वाढत होता अशा ३४ रुग्णांवर नियोजित शस्त्रक्रिया झाल्या. त्यांपैकी १५ जणांना अतिदक्षता विभागात हलवावे लागले आणि ७ जण मरण पावले. पुढे मे २०२० मध्ये कोव्हिडसर्ज गटाने २४ देशांतील १,१२८ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. शस्त्रक्रियेच्या आधी सात दिवसांपासून नंतर तीस दिवसांपर्यंतच्या अवधीत ह्या सर्वांना संसर्ग असल्याचे आढळले होते. त्यांपैकी शेकडा ५१.२ जणांना फुप्फुसांचे उपद्रव झाले आणि शेकडा २३.८ जण तीस दिवसांत दगावले. नियोजित शस्त्रक्रियेसाठी आलेल्यांतही हे मृत्यूचे प्रमाण शेकडा १८.९ होते.

५

शेकडा ०.३ कोठे आणि शेकडा २३.८ कोठे ! हे दोन आकडे शेजारी ठेवले असता शस्त्रक्रिया थांबविणे हाच एकमेव शहाणपणाचा मार्ग होता, असे वाटू लागते. परंतु येथे वाक्यरचनेकडे लक्ष देणे अवश्य आहे. दुसरा आकडा एका संकेतार्थी वाक्यात बसलेला आहे : ‘रुग्णास संसर्ग झालेला असेल, तर धोका इतका.’ वृत्तपत्रांतून व संभाषणांतून हा ‘जर’ लवकरच गळून पडतो आणि ‘साथीत शस्त्रक्रिया केल्यास धोका इतका’ असे निराळेच वाक्य उरते. पहिल्या वाक्यातील रुग्ण हे संसर्ग झालेल्यांतून वेचलेले आहेत. शिवाय त्यांच्यातील सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांवरील शस्त्रक्रिया तातडीच्या होत्या आणि अनेकजण वृद्ध होते. दुसरे वाक्य सर्व रुग्णांविषयी बोलते. एकाच्या पुराव्यावर दुसरे सिद्ध होत नाही.

दुसऱ्या वाक्याची परीक्षा निराळ्या रीतीने करावी लागते, आणि ती ‘जिनिव्हा’ ह्या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या संशोधनाने केली. हे नाव संशोधनाच्या इंग्रजी शीर्षकावरून घेतलेले आहे; त्या नगराशी त्याचा संबंध नाही. मे २०२० पासून पुढील काही महिन्यांत, म्हणजे साथ चालू असतानाच, ज्यांच्यावर वजन घटविण्याची शस्त्रक्रिया झाली, अशा ४२ देशांतील ७,७०४ रुग्णांची त्यात नोंद आहे. त्यांपैकी ४३ जणांना शस्त्रक्रियेनंतर करोनाची लक्षणे दिसली. तीस दिवसांतील मृत्यूचे एकूण प्रमाण शेकडा ०.१४ होते. हे प्रमाण साथीपूर्वीच्या काळातील प्रमाणाहून अधिक नाही.

ह्यावरून ‘साथीत शस्त्रक्रिया निर्धोक आहे’ असे विधान करण्याची घाई मात्र करू नये. येथेही एक ‘जर’ दडलेला आहे. ह्या माहितीत सहभागी झालेली केंद्रे आपण होऊन पुढे आली होती. त्यांतील बहुतेकांनी शस्त्रक्रियेपूर्वी संसर्गाची चाचणी, रुग्णाचे काही दिवस विलगीकरण, बाधित रुग्णांपासून वेगळा मार्ग व वेगळे कक्ष अशी काही ना काही दक्षता घेतली होती. आणि अधिक जोखमीचे रुग्ण काही ठिकाणी मागे ठेवले गेले असणेही संभवनीय आहे. म्हणून वाक्य असे पुरे करावयास हवे : ‘रुग्ण पारखून घेतला असेल, संसर्ग नाही ह्याची खातरजमा केली असेल आणि रुग्णालयात साधने पुरेशी असतील, तर ह्या शस्त्रक्रियेचा धोका साथीपूर्वीच्या धोक्याहून फारसा वेगळा राहात नाही.’ वाक्य लांबले खरे. परंतु सत्य बहुधा लांब वाक्यातच मावते.

६

आता लांबणीवर टाकण्याच्या प्रत्यवायाकडे वळू. करोनाच्या पहिल्या लाटेतच स्थूलता हा ह्या रोगातील एक मोठा धोका असल्याचे ध्यानात आले. फ्रान्समधील लील येथील अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या १२४ रुग्णांपैकी शेकडा ६८.६ जणांना कृत्रिम श्वसनयंत्राची गरज लागली. ज्यांचा शरीरभार निर्देशांक ३५ च्या वर होता, त्यांच्यात हेच प्रमाण शेकडा ८५.७ होते. म्हणजे ज्या साथीच्या भयाने शस्त्रक्रिया थांबविली, त्याच साथीला हे रुग्ण इतरांपेक्षा अधिक बळी पडत होते.

मग शस्त्रक्रियेने त्यांना संरक्षण मिळाले असते काय ? अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी ह्याचा शोध घेतला. त्यांचा निबंध डिसेंबर २०२१ अखेर प्रसिद्ध झाला. साथीपूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या ५,०५३ व्यक्तींची तुलना त्यांनी तशाच प्रकृतीच्या, परंतु शस्त्रक्रिया न झालेल्या, १५,१५९ व्यक्तींशी केली. संसर्ग होण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखे होते. परंतु शस्त्रक्रिया होऊन वजन उतरलेल्या गटात रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचा धोका शेकडा ४९ नी, प्राणवायू लागण्याचा शेकडा ६३ नी आणि आजार तीव्र होण्याचा शेकडा ६० नी कमी आढळला. ही तुलना निरीक्षणावर आधारलेली आहे. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेले नाहीत. शस्त्रक्रियेस तयार होणारी व्यक्ती अन्य बाबतींतही प्रकृतीची अधिक काळजी घेत असेल, ही शंका पूर्णपणे मिटत नाही. तथापि फरक इतका मोठा आहे की, तो सगळाच्या सगळा ह्या शंकेच्या पोटात घालणे कठीण आहे.

तरीसुद्धा, मार्च २०२० मध्ये प्रतीक्षेत असलेल्या रुग्णावर त्याच आठवड्यात शस्त्रक्रिया केली असती, तर एप्रिलमधील लाटेत त्याचे रक्षण झाले असते, असे नाही. वजन उतरण्यास वेळ लागतो. बहुतांश घट पहिल्या बारा ते अठरा महिन्यांत होते. उलट शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत आहार अत्यल्प असल्याने शरीर क्षीणच असते. ह्यावरून निष्पन्न होते ते असे : थोड्या आठवड्यांच्या लाटेपुरता विचार केला, तर थांबणे हितावह, परंतु साथ वर्षानुवर्षे चालणार असेल, तर थांबणे हाच धोका. जागतिक आरोग्य संघटनेने ह्या साथीसंबंधीची आणीबाणी मे २०२३ मध्ये संपल्याचे जाहीर केले, म्हणजे ती तीन वर्षांहून अधिक काळ चालली. इतक्या अवधीत मधुमेह स्वस्थ बसत नाही. मधुमेह जितका जुना, तितकी शस्त्रक्रियेनंतर तो मागे हटण्याची शक्यता कमी, हे वैद्यकात मान्य झालेले आहे. म्हणजे प्रतीक्षेत गेलेला काल केवळ वाया जात नाही. तो पुढे होणाऱ्या शस्त्रक्रियेचे फलही कमी करतो.

तात्पर्य, ही शस्त्रक्रिया काम्य कर्मांच्या रांगेत बसत नाही. तिचा दिवस पुढेमागे करता येतो, परंतु किती पुढे, ह्याला मर्यादा आहे.

७

शल्यचिकित्सकांच्या ध्यानात ही गोष्ट लवकरच आली, आणि विशेष म्हणजे त्यांनी प्रथम शब्दावरच आक्षेप घेतला. अमेरिकेतील बॅरिअ‍ॅट्रिक शल्यचिकित्सकांच्या संघटनेने २०२० साली काढलेल्या निवेदनात ह्या शस्त्रक्रियेस ‘इलेक्टिव्ह’ म्हणणे अयोग्य असल्याचे सांगून ‘वैद्यकीय दृष्ट्या आवश्यक व कालमर्यादा असलेली’ अशा आशयाचे वर्णन सुचविले. स्वतःच्या व्यवसायाचे हित त्यात गुंतलेले असणार, हे मान्य करूनही त्यांच्या आक्षेपातील तथ्य नाकारता येत नाही.

दुसरा प्रयत्न क्रम लावण्याचा होता. लंडनमधील किंग्ज कॉलेजचे फ्रान्सेस्को रुबिनो ह्यांच्या पुढाकाराने अनेक देशांतील तज्ज्ञांनी मे २०२० मध्ये काही शिफारशी प्रसिद्ध केल्या. प्रतीक्षायादीत जो आधी आला तो आधी, किंवा ज्याचे वजन अधिक तो आधी, हे दोन्ही निकष त्यांनी अपुरे ठरविले. कोणाचा रोग थांबल्याने अधिक बिघडेल, हे पाहून क्रम लावावा, असे त्यांचे म्हणणे. ज्याचा मधुमेह औषधांना दाद देत नाही, ज्याचे हृदय किंवा मूत्रपिंड धोक्यात आहे, किंवा ज्याला वजन उतरल्याशिवाय दुसरी एखादी आवश्यक शस्त्रक्रिया करून घेता येत नाही, तो यादीत वर यावा. भारतातील स्थूलताविषयक शल्यचिकित्सकांच्या संघटनेनेही त्याच वर्षी आपल्या परिस्थितीस अनुसरून मार्गदर्शक सूचना काढल्या.

तिसरा प्रश्न होता, ज्यास करोना होऊन गेला त्याने किती थांबावे हा. कोव्हिडसर्ज गटाने ११६ देशांतील १,४०,२३१ रुग्णांच्या, सर्व प्रकारच्या शस्त्रक्रियांच्या, माहितीवरून २०२१ साली ह्याचे उत्तर दिले. ज्यांना संसर्ग झालेला नव्हता, त्यांच्यात तीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा १.५ होते. संसर्गानंतर पहिल्या दोन आठवड्यांत शस्त्रक्रिया झालेल्यांत ते शेकडा ४.१, तीन ते चार आठवड्यांत ३.९ आणि पाच ते सहा आठवड्यांत ३.६ होते; सात आठवडे लोटल्यावर ते पुन्हा १.५ वर आले. ही माहिती लसीकरण सुरू होण्यापूर्वीची आहे, तेव्हा लस घेतलेल्यांना व विषाणूच्या नंतरच्या प्रकारांना ती जशीच्या तशी लागू करता येणार नाही. परंतु प्रश्न कसा विचारावा, ह्याचा हा उत्तम नमुना आहे. ‘शस्त्रक्रिया ऐच्छिक आहे काय ?’ असे येथे कोणी विचारले नाही. ‘किती थांबल्याने धोका किती उतरतो ?’ असे विचारले, आणि म्हणूनच उत्तर मिळाले.

८

येथे आमच्या प्रतिपादनाची मर्यादाही सांगितली पाहिजे. एका विशेषणामुळे शस्त्रक्रिया थांबल्या, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. जर्मनांपाशी अधिक नेमका शब्द होता, तरी मार्च २०२० मध्ये त्यांनीही शस्त्रक्रिया थांबविल्याच. खाटा अपुऱ्या असल्या म्हणजे कोणताही शब्द त्या वाढवीत नाही. शब्दाचा प्रभाव जाणवतो तो नंतर, म्हणजे खाटा मोकळ्या होऊ लागल्यावर, कोणाला आधी बोलवावयाचे हे ठरविताना. त्या वेळी ज्याच्या कागदावर ‘ऐच्छिक’ लिहिलेले आहे, त्याच्या बाजूने बोलणे कठीण जाते.

अतिस्थूल रुग्णाच्या बाबतीत तर ते दुप्पट कठीण जाते. स्थूलता हा मनुष्याच्या स्वतःच्या वागणुकीचा दोष मानण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अतिस्थूलाचा समावेश आठ ‘निंदित’ पुरुषांत केलेला आहे, हे सुविदित आहे. परंतु त्याच अध्यायात त्याच्या व्याधीची कारणे व चिकित्साही सांगितलेली आहे, हे बहुधा विसरले जाते. लोकव्यवहाराने निंदा तेवढी उचलली, चिकित्सा मागे ठेवली. अशा मनोभूमीत ‘ऐच्छिक’ हा शब्द पडला, की रोगही इच्छेचा आणि उपचारही इच्छेचा, असा दुहेरी अर्थ त्यास सहज चिकटतो. स्वतः रुग्णालाही तसेच वाटू लागते, आणि तो आपण होऊन मागे सरतो. ह्यातील हानी शब्दकोशातली नाही. ती माणसाच्या आयुष्यातली आहे.

ह्यास्तव अनुवादकांनी व परिभाषाकारांनी ‘इलेक्टिव्ह सर्जरी’ ह्या संज्ञेस ‘नियोजित शस्त्रक्रिया’ हा प्रतिशब्द योजावा, असे आम्हांस वाटते. तो मराठी रुग्णालयांत व वृत्तपत्रांत अपरिचित नाही आणि तो फक्त कालाविषयी बोलतो. आवश्यकता दाखवावयाची असेल, तेथे ती वेगळ्या शब्दाने दाखवावी. ‘नियोजित परंतु आवश्यक’ असे म्हणण्यात काहीही विसंगती नाही. ‘ऐच्छिक’ हे विशेषण ज्या उपचारांत खरोखर केवळ आवडीचाच प्रश्न असतो, त्यांच्यापुरते राखून ठेवावे. उरली संमती. रुग्ण शुद्धीवर व निर्णयक्षम असेल, तर ती सर्वच शस्त्रक्रियांस लागते. अगदी तातडीच्या शस्त्रक्रियेसही. त्या अर्थाने पाहिले, तर इच्छेचा प्रश्न सर्वत्र सारखाच आहे, आणि म्हणूनच तो वर्गीकरणाचा निकष होऊ शकत नाही.

विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. नियोजित शस्त्रक्रिया काही आठवडे पुढे गेली, तर पुष्कळदा काही बिघडत नाही. साथीच्या ऐन भरात तर तसे करणेच श्रेयस्कर ठरते. काही महिने गेली, तर कोणाचे किती बिघडेल, हे ज्याचे त्याचे शरीर तपासून ठरवावे लागते. आणि ती सोडूनच दिली, तर रोग आपल्या गतीने पुढे जातो. आपण त्यास कोणते विशेषण लावले आहे, ह्याची तो वाट पाहात नाही. पुढील महामारी केव्हा येईल, हे कोणास ठाऊक नाही. परंतु ती येईल तेव्हा निघणारी परिपत्रके मराठीत आणण्याचे काम आज ह्या वर्गांत बसलेल्यांपैकीच कोणाकडे तरी येणार आहे. त्या वेळी ह्या एका शब्दापाशी त्यांची लेखणी क्षणभर थांबावी, इतकीच अपेक्षा आहे.